मनिराम, बिडी का सोडली ते दादाला सांग

मनिराम, ये बरं इकडं. असं उंबऱ्यावर उभं राहून "वहिनी, जातो" म्हणायची तुझी सवय मला कधीच आवडली नाही. जवळ ये, बस. तुला चार शब्द ऐकवायचे आहेत, आणि तू गेलास म्हणून मी ते सोडणार नाही. गेलेल्या माणसाला रागवू नये म्हणतात. म्हणोत बापा. मी या घरात नवरी होऊन आले तेव्हा तू माझ्या कमरेएवढा होतास, नाक पुसायला तुला माझाच पदर लागायचा. तेव्हापासून तुला रागवायचा हक्क माझा आहे. तो काही तुझ्यासोबत चितेवर गेला नाही.

एक गोष्ट होती. एकाच माणसाला सांगायची होती. गावभर बोललास, बैलांशी बोललास, माझं तर डोकं उठवलंस, पण तेवढी एक गोष्ट त्या एका माणसाला सांगितली नाहीस. तो माणूस म्हणजे तुझा दादा, माझा नवरा. आता या घडीला तो ओसरीवर पाय खाली सोडून बसला आहे. बोटांत बिडी आहे. मी आत चुलीपाशी बसून लिहिते आहे आणि मला त्याचा खोकला ऐकू येतो आहे.

तुझाही असाच यायचा. वाटणी झाली तेव्हा आपल्या दोन घरांत भिंत घातली, पण ती इतकी पातळ की तुझ्या बायकोनं, कांतानं तिकडं फोडणी दिली की इकडं मला शिंक. त्या भिंतीतून आधी तुझा खोकला आला. मग तुझा आवाज बसला. तू म्हणालास, धानाच्या मळणीची धूळ आहे. मलाही ते पटलं. आता तोच खोकला भिंतीच्या अलीकडे आला आहे, आवाजही तसाच बसला आहे, आणि हे मळणीचे दिवस नाहीत.

आपल्या घरातला लिहाज तुला आठवतो का? मामाजी, माझे सासरे, जिवंत होते तोवर दादा बिडी लपवायचा. मामाजी गेले तशी दादा उघड पिऊ लागला आणि लपवायची पाळी तुझ्यावर आली. मोठ्यासमोर पेटवायची नाही, हा या घरचा कायदा. तू तो इतका पाळलास की दादाच्या चपला वाजल्या की जळती बिडी मुठीत जायची. तुझ्या तळहातावर तो काळा डाग होता ना, तो त्याचाच. आणि दादाला सगळं ठाऊक. तो गल्लीच्या वळणावरच मुद्दाम खाकरायचा, तुला विझवायला वेळ मिळावा म्हणून. एकानं खाकरायचं, दुसऱ्यानं विझवायचं, आणि मग धूर डोक्यावर तरंगत असताना दोघांनी तलावाच्या पाण्याचं बोलत बसायचं. मी एकदा मुद्दाम विचारलं, "अवो, इथं धूर कायचा होय?" तर तुझा दादा म्हणाला, "चुलीचा असंल." चूल घराच्या मागं! मी कितीतरी दिवस त्यावरून तुम्हा दोघांना चिडवलं.

तेव्हा हसू यायचं. आता गल्लीच्या वळणावरून तो खाकरत येतो आणि माझ्या अंगावर काटा येतो. आता तो कोणाला सावध करायला खाकरत नाही.

कांता आली ती बिड्यांच्या मुलखातून, तिरोड्याकडून. तुमचं जमलं तेव्हा तिचं गाव आपल्याच जिल्ह्यात होतं; वरात निघेपर्यंत गोंदिया जिल्हा वेगळा झाला. दादा भेटेल त्याला सांगायचा, "आमच्या मन्यानं परजिल्ह्यातून बायको आणली." ती सोबत सूप आणि कातर घेऊनच आली. तेंदूचं पान भिजवायचं, कापायचं, जर्दा भरून वळायचं, दोऱ्यानं बांधायचं. तोंडाआधी तिचे हात चालायचे. तुला तर दुकानापर्यंत जायचीही तसदी नव्हती. हात लांब केला की बायकोचं सूप.

मग नागपूरचा दवाखाना. कांताला आणि मला नेलंस, दादाला तू सोबत घेतलं नाहीस. त्या दिवशी त्याला धान विकायला पाठवलंस. का, ते मला बसमध्येच कळलं. डॉक्टर बिडीचं विचारणार, आणि दादासमोर तुला उत्तर देता येणार नाही. म्हणजे जीव धोक्यात आणि लिहाज वर! घशातून तुकडा काढून तपासला होता. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, तुझ्याकडे पाहिलं आणि तेच विचारलं. तू माझ्याकडे वळलास. मी म्हटलं, "सांग बापा, मी काही दादा नोहो."

कंठाचा कॅन्सर. बाईंनी आडवळण घेतलं नाही. मशीनखाली किरणांचा शेक द्यायचा, आणि बिडी आजपासून बंद.

तू म्हणालास, "मॅडम, आता तं झालाच ना. आता सोडून काय फायदा?"

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "फायदा आताच जास्त आहे. शेक चालू असताना धूर ओढलात तर तो नीट लागू पडत नाही, जखम भरत नाही. सोडलीत म्हणजे बरे व्हालच, असं मी लिहून देणार नाही. पण तुम्ही ओढत राहिलात तर मला एका हातानं लढावं लागेल."

तू मान हलवलीस, आणि बाहेर येताच खिशातला बिड्यांचा कट्टा काढलास. मी हात धरला तर म्हणतोस कसा, "वहिनी, मरणाऱ्याची एवढी हौस तं राहू द्या."

"मरणाऱ्याची म्हणे! आपल्याले तिकीट घरचं, पवनीचं काढाचं हाये, मसणाचं नाई."

हसलास. हसत हसत आवारातल्या कडुलिंबाच्या झाडाखाली गेलास पेटवायला. आम्ही दोघींनी डबा उघडला. थोड्या वेळानं परत आलास तो चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं. भाकरीला हात लावला नाहीस. आम्हाला वाटलं, आता कुठं बाईंचं बोलणं आत उतरलं. उमरेड मागं पडेपर्यंत तू खिडकीबाहेर पाहत होतास. मग आपणहून सांगितलंस.

झाडाखाली एक माणूस गळ्याभोवती पंचा गुंडाळून बसला होता. त्यानं तुला खुणेनं बिडी मागितली. तू दिलीस, पेटवूनही दिलीस. त्यानं पंचा बाजूला केला. गळ्यात भोक होतं, ऑपरेशनचं. त्यानं बिडी त्या भोकाला लावली आणि ओढली.

"वहिनी, बिडीनं त्याचं तोंड नेलं," तू म्हणालास, "तं तिनं त्याच्या गळ्याले दुसरं तोंड पाडलं." आणि बऱ्याच वेळानं, "त्यानं मले हात जोडले वो. मी बिडी देल्ली म्हणून हात जोडले."

तो कट्टा तू कांताच्या पिशवीत टाकलास. "हे तुह्यं मजुरीचं. माह्यं काही नाई याच्यात." बस्स. शपथ नाही, देवाचं नाव नाही. डॉक्टरीणबाई हरल्या, मी हरले, कांताचे डोळे हरले, आणि एका परक्या माणसाच्या जोडलेल्या हातांनी काम केलं. कोणी म्हणेल, तू भ्यालास. मी तुझ्या शेजारी बसले होते. ती भीती नव्हती, लाज होती. भीती तर पेटवता पेटवताही राहते माणसाला.

सोपं गेलं नाही, हे मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे. कांतावर ओरडायचास, ताट सरकवायचास. चहा बंद केलास, कारण चहामागून बिडी आठवायची. हाताला काय करावं कळेना, म्हणून अंबाडीचा वाक घेऊन दोर वळत बसलास. बैल दोनच आणि दावी अर्ध्या गावाला पुरतील एवढी! कांताला मजुरी सोडणं परवडणारं नव्हतं. ती सूप उचलून माझ्या ओसरीवर येऊन बसू लागली, तुझ्या नाकाला वास नको म्हणून. तुझ्या घरातून बिडी निघाली ती अशी माझ्या घरी येऊन बसली. दादा येता-जाता सुपातली एखादी उचलायचा. भासऱ्यासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, कांता डोक्यावरचा पदर ओढून गप्प. आम्ही सगळे खुश होतो रे. तू सुटलास, एवढंच पाहत होतो.

आणि सुटला होतास. हे मी कोणालाही ठणकावून सांगेन. शेक संपला, घसा भरून आला, तुझा आवाज परत आला. फाटका, पण तुझा. त्या सालच्या धानाच्या रोवण्यात तू धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून ओरडलास, "वहिनी, पाय उचला, रोवणा होय का वरात होय?" मी बांधीतल्या चिखलात उभी, हातात परह्यांची, धानाच्या रोपांची पेंढी, आणि मला रडू कोसळलं. बायांना वाटलं, माझ्या पायाला जळू चिकटली. शेजारची तर माझं लुगडं वर करून पिंढरी तपासू लागली. त्याच्या पुढच्याही रोवण्याला तू होतास. ती दोन सालं आम्हाला फुकट नाही मिळाली. तू दात आवळून मिळवलीस. त्याबद्दल तुझे पाय धरावेत की कान, हे मला अजून ठरवता येत नाही.

कान अशासाठी की याच दोन सालांत आपलं ते भांडण झालं, जे अर्धंच राहिलं. दादा तेव्हा खोकू लागला होता.

मी म्हटलं, "मनिराम, त्याले सांग. त्या लिंबाखालच्या माणसाचं सांग."

"तुमीच सांगा ना."

"माह्यं ऐकत असता तं तुह्या मागं लागली असती का मी?"

"मी लहान हावो, वहिनी. दादासमोर बिडीचं नाव कसं काढू? सोडली म्हणून सांगाचं, म्हणजे पित होतो म्हणून सांगणं झालं."

"साऱ्या गावाले माहीत हाये!"

"गावाले माहीत असणं येगळं. म्या तोंडानं सांगणं येगळं."

"मंग त्याचाही गळा फोडून घ्याचा का लिहाजापायी?"

तू दोर वळायचा थांबलास. म्हणालास, "रोवणा होऊ द्या. सांगतो." रोवणा झाला. मग दिवाळी होऊ द्या. मग मळणी. आणि मळणीत तुझा आवाज पुन्हा बसला. या वेळी धुळीचं नाव कोणी घेतलं नाही.

शेवटचे दिवस मी लिहीत नाही. एकच लिहिते. आवाज पुरता गेला होता. दादा रोज तुझ्या उशाशी बसायचा, आणि तू त्याचा हात धरून दुसऱ्या हाताची दोन बोटं ओठांपाशी न्यायचास आणि पंजा हलवायचास. पुन्हा बोटं, पुन्हा पंजा. मी समजले, कांता समजली. इतक्या वर्षांनी तू त्याला सांगत होतास, दादा, सोडून दे. दादाला वाटलं, तू बिडी मागतो आहेस. तो उठून परसात जायचा आणि रडायचा, की भावानं शेवटी एक बिडी मागितली आणि डॉक्टरच्या भेवानं मला देता आली नाही.

घाटावरून माणसं परत आली ती एक बोलणं घेऊन आली. दसरू, तुझा तो धुऱ्याचा शेजारी, ओसरीवर बसून सगळ्यांना सांगत होता, "इतके सालं बिडी पिली तं काही झालं नाई गा. सोडली अन् गेला. इंजन बंद ठेवलं का गंजतेच." सगळ्यांनी माना हलवल्या. दुखवट्याच्या तबकात बिड्या होत्या, त्यातली एकेक उचलली. मी आतून म्हटलं, "दसरूभाऊ, तुमचं इंजन तं चालूच हाये, धूरही बहुत टाकते. पाहजा, घर पेटवाल." हसले थोडे. पण बोलणं दसरूचंच राहिलं. आता गावात तुझं नाव असं निघतं, मनिराम: बिडी सोडली म्हणून मेला तो. परवा एकानं नातवाला समजावलं म्हणे, एकदम सोडू नये, अंगावर येते. तू ज्या एका गोष्टीत जिंकलास, तीच आता तुझं मरण म्हणून सांगतात.

तेरवीला कागूर टाकला, तुझ्या नावाचा घास. तुला लेकरू नाही, म्हणून दादाच बसला. गोवरीचे निखारे, त्यावर तुपाची धार, तुझ्या ताटातला एकेक घास. वडा झाला, बोंडं झाली, घुगऱ्या झाल्या. मग दादानं खिशातून बिडी काढली. पेटवली, आणि हलक्या हातानं निखाऱ्यावर ठेवली. त्याचा तो बसलेला आवाज, सगळे कान लावून ऐकत होते.

"घे मन्या. आता माह्यासमोर पी. जिंदगीभर मुठीत लपवली, जातानी मागत होता तं म्या देल्ली नाई. आज मी मोठा नोहो तुह्याहून. घे."

म्हातारी माणसं डोळे पुसू लागली. मलासुद्धा, खोटं कशाला लिहू, भरून आलं. एवढी माया मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. आणि नेमकी त्या मायेतच चूक भरलेली.

कांता आतून आली. भासऱ्यासमोर ती इतक्या वर्षांत तोंड उघडून बोलली नव्हती. तिनं निखाऱ्यात हात घातला, नुसती बोटं, आणि ती बिडी उचलून पाण्याच्या तांब्यात बुडवली. म्हणाली, "यायनं सोडली होती. कोणाच्या भेवानं नाई. सोडली होती."

 मग कोणीतरी म्हणालं, बाई भानावर नाही, आत न्या. मी तिला आत घेऊन गेले, बोटांना तूप लावलं. परत येऊन पाहिलं तर निखाऱ्यावर दुसरी बिडी होती. दसरूनं ठेवली होती. ती शेवटपर्यंत जळली. वारा फिरला आणि तिचा धूर तुझ्या घरात न जाता माझ्या घरात शिरला.

त्यानंतर मी दादाला ओढत नागपूरला नेलं. त्याच डॉक्टरीणबाई. तुकडा काढला. पुढच्या खेपेला कागद हाती आला, पण मी तो वाचायला थांबले नव्हते. बाईंचा चेहरा मला पाठ झाला आहे. त्या म्हणाल्या, लवकर आलात, जागेवरच आहे, बरं होण्यासारखं आहे. पण बिडी आजपासून बंद.

तुझ्या दादानं काय म्हणावं? "माह्या भावानं तुमचंच ऐकून सोडली होती, मॅडम. कुठी हाये तो आता?"

बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुमचा भाऊ आला तेव्हा आजार बराच पुढं गेला होता. तरी त्यानं दोन वर्षं काढली. तुमचं अजून सुरुवातीला आहे. त्यानं जे मिळवलं, त्याहून कितीतरी जास्त तुम्हाला मिळू शकतं."

तो उठला. बाहेर जाऊन त्याच लिंबाखाली बसला आणि पेटवली. मी त्याच्यासमोर मातीत बसले आणि त्याला तुझी सगळी गोष्ट सांगितली. पंचा, भोक, जोडलेले हात, तुझी ओठांवरची बोटं, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. डोळे माझ्यावर होते. शेवटी म्हणाला, "मन्यानं तुले सांगतलं अन् मले नाई? माह्या भावानं? खोटं नको बोलू. असं असतं तं त्यानं मलेच सांगतलं असतं."

बघ आता. त्याचा तुझ्यावर एवढा भरवसा आहे की मी खोटी ठरते. मोठ्या भावाला तू काही लपवणार नाहीस, हे तो मानतो. आणि तू त्याच्यापासून जन्मभर लपवलंस, हेही त्याला ठाऊक आहे. दोन्ही एकाच डोक्यात. पुरुषांचं असं कसं होतं मला कळत नाही.

त्याचा शेक सोमवारपासून आहे. बाईंनी बजावलं आहे, ओढत आलात तर अर्धा शेक वाया. आणि तो म्हणतो, शेकाला येतो, पण बिडी सोडायला लावू नका, मन्याचं काय झालं पाहिलं. कांतानं सूप भिंतीला टांगून ठेवलं, तर दुकानातून आणतो. मी हात जोडून पाहिले, अबोला धरून पाहिला, चूल बंद ठेवून पाहिली. बिडी हातातून सुटत नाही. कालपासून त्याला पाणी गिळतानाही दुखतं. मला सांगत नाही. पण घोट घेताना मान वाकडी करतो. तुझीच तऱ्हा. मी पदरानं तोंड झाकून आत जाते.

म्हणून तुला बोलावते आहे. दुपारी जेवणानंतर ओसरीवरच्या खाटेवर त्याचा डोळा लागतो. तेव्हा ये. त्याच्या उशाशी बस, आणि तुझ्या तोंडानं सांग. सांग की पित होतो, दादा. सांग की सोडली, आणि कोणाच्या भेवानं नाही. लिहाज ठेवू नको आता. तुझ्याकडे कोण लहान आणि कोण मोठं? तुझं एक वाक्य त्याला पुरेल. माझी शंभर पुरत नाहीत.

पण एक ऐक, आणि हे नीट ऐक. गेलेला माणूस झोपेत येऊन "चाल" म्हणाला तर आपल्याकडे त्याचा अर्थ काय करतात, ते तुला ठाऊक आहे. तू तसं म्हणू नको. तो "थांब मन्या, मीही येतो" म्हणाला, तरी ऐकू नको. हट्टी आहे, मागं लागेल. तू सांग आणि निघ.

सोमवारच्या आत ये रे. लवकर येजो, मनिराम. एकटा येजो, अन् एकटाच वापस जाजो.